पुरेआक्कांची वाटी

पुरेआक्का जेवायला बसल्या बसल्या पुरे म्हनायच्या. वाढनारीचा हात अजून भाताच्या पातेल्यात असायचा, ताट कोरडं असायचं, आन आक्का हात आडवा धरून म्हनायच्या, "पुरे गो." वाढनारी हसायची, म्हनायची, आवो आक्का, अजून शीत पडलं न्हाई ताटात. तर त्या म्हनायच्या, "म्हणून तर आत्ताच सांगत्ये. मागाहून म्हटलेलं पुरे कोन ऐकत नाय. माजं मी पन ऐकत नाय."

त्यांचं खरं नाव काय व्हतं ते चाळीत कुनालाच ठावं नव्हतं, मीबी कधी इचारलं न्हाई, आता इचारायचं तर कुनाला. सगळ्या पुरेआक्काच म्हनायच्या. कुनाकडं बारशाचं जेवण असो का सत्यनारायण, त्या पदराखाली आपली एक पितळेची वाटी घेऊन जायच्या, कल्हई उडालेली, काठाला पोचा आलेली. गोड काय असंल ते त्या वाटीत. वाटी भरली की झालं. लोक म्हनायचे आक्का, वाटी बारकी हाय. त्या म्हनायच्या, "मोठी घेतली तर ती पन भरंल, वाटीला कुठं अक्कल असते."

आमची चाळ आकुर्डीच्या अलीकडं, पत्र्याची, एका रांगेत आठ खोल्या. पिंपरीच्या माळावर कारखाना नवाच झाला व्हता, तितं आमचे हे लागले, आक्कांचा लेकबी तितंच. आक्का कोकणातल्या, रत्नागिरीकडच्या, नवरा लई आधी गेलेला. मी निघोज्याची, चौथी झाल्यावर शाळा सुटली, मग लग्न, मग हितं. माझं घर आन आक्कांचं घर ह्यात नुसती पत्र्याची भिंत, त्या तिकडं खोकल्या तर मी हितं दचकायची. दचकायचं मला कारन व्हतं. माझी लेक सुमी, तिच्या आधी माझा एक गेला, बारशाच्या आधीच, नावबी ठेवलं नव्हतं. तवापासनं मला कशाचंबी भ्या वाटायचं, पोर शिंकलं तरी, शिंकलं न्हाई तरी. आन सगळ्यात भ्या वाटायचं ते सणांचं.

तुमी म्हनाल सणाचं काय भ्या. पन बघा की, दसरा झाला की घरात काय ऱ्हातं का जाग्यावर? वेळेला जेवण न्हाई, वेळेला झोप न्हाई, चार दिस तळण, पावणेरावळे, पोरं थंडीत पहाटे उघडी करून न्हाऊ घालायची, आन जो यील तो ह्याच्यात खा, त्याच्यात खा. मोठ्यांचं मोठे बघतील. बारक्यांनी काय करायचं? सुमीची पहिली दिवाळी आली तवा ती नुसती बसायला लागली व्हती. मला वाटायचं तिला उचलावं आन कुठंतरी जाऊन बसावं, सण झाला की यावं. हे बोलून दाखवलं ते एका आक्कांजवळच. त्या हसल्या न्हाईत. म्हनल्या, "पळून कुठं जाशील, सण काय गावातच असतो? तो हातात असतो गो बाय. हात आवर."

दिवाळीला माझ्या सासूबाई गावाकडनं आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हनते. बाई कामाला वाघीण, मनानं वाईट न्हाई, पन आवाज असा की कढईतलं तेल गार व्हावं. नैवेद्य दाखवल्याबिगर तोंडात काय घालायचं न्हाई, हा त्यांचा नेम. म्हंजे पहाटे उठून चुलीपुढं बसायचं, उपाशी, अंगावर पोर पिनारं, आन दुपारपतोर चकल्या सोडायच्या. मला डोळ्यापुढं काजवे दिसायला लागायचे, मग नजर चुकवून मोडकी चकली तोंडात, फुटका लाडू तोंडात, असं करत करत पोट त्या चुऱ्यानंच भरायचं आन सांजच्याला जळजळायचं, आन दुधाला सुमी वढायची तर दूध न्हाई.

आक्कांनी हे पत्र्यापलीकडनं कसं वळखलं देव जाने. सकाळच्याला त्या मऊ भाताची पेज घेऊन आल्या, वर तुपाचा थेंब, मिठाची चिमट, आन माझ्या पुढ्यात ठेवली.

आत्याबाई म्हनल्या, "आवो, नैवेद्य व्हायचाय अजून."

"हा फराळ नाय बाय, ही पेज हाय. देवाच्या ताटात पेज कुठं असते? मग ती उष्टी कशी होईल?"

"आमच्यात न्हाई चालत."

"चालत नसंल तर पाप माज्या नावावर. तळणीपुढं उपाशी बसवू नये बाईला. उपाशी बाई तळणीतलं अर्धं खाते, आन मग खाल्लं नाय म्हणून रडते." मग माझ्याकडं वळून म्हनल्या, "पी गो आधी. तू पिशील तर ती पिईल."

मी प्याले. आत्याबाईंनी पाठ फिरवली. पाठ फिरवली म्हंजे पी म्हनल्या असं मी धरलं.

त्या दोघींचं बोलनं ऐकायला चाळीतल्या बाया दारात टेकायच्या. आत्याबाई म्हनायच्या, "पुरे पुरे करून कोकण रिकामं झालं, आन समदी हिकडं कारखान्यात आली." आक्का मिश्रीचं बोट दातावर फिरवत म्हनायच्या, "तिकडं पुरत नव्हतं म्हणून आलो बाय. पुरत नसलं की पुरे म्हणायला शिकावं लागतं. आता इकडं पुरतंय, तर तोंडातला शब्द जात नाय." मिश्रीला मात्र त्यांच्याकडं पुरे नव्हतं, ते आपलं खरं सांगते. दिवसाकाठी किती वेळा बोट काळं करायच्या. मी म्हनायची, आक्का, हे पुरे करा की. त्या म्हनायच्या, "एक तरी हट्ट नको काय माणसाला? देवानं इचारलं तर काय सांगू, सगळंच ऐकलं म्हणून?"

आमच्यात फराळाचं ताट रिकामं परत पाठवत न्हाईत, तुमच्यातबी न्हाईच. आठ घरांची आठ ताटं, जाताना भरलेली, येताना भरलेली, खानार कोन किती? आक्का आलेल्या ताटातलं वाटीत मावंल तेवढं काढून घ्यायच्या, बाकीचं जरा हिकडचं तिकडं करून पुढच्या घरी धाडायच्या. एकदा काय झालं, त्यांनी पुढं धाडलेलं ताट फिरत फिरत सखूबाईच्याच दारात गेलं. सखूबाई सोलापूरकडची, आमच्या पलीकडच्या खोलीत ऱ्हायची, कानवल्याला मुरड घालावी तर तिनंच, बारीक, येणीसारखी. आपलाच कानवला हातात धरून ती अंगणात उभी ऱ्हायली. "ह्यो माजा हाय की ओ! ह्याला मी सकाळी घालवला, ह्यो घरी आला की!" सगळ्या हसून हसून खाली बसल्या. आक्का काय वरमल्या न्हाईत. म्हनल्या, "माहेरवाशीण आलीय, ठेवून घे." सखूबाई पन हसली, पन तवापासनं दोन दिस तिनं आक्कांशी अबोला धरला.

जेवल्यावर आक्का कुनाला आडवं व्हऊ द्यायच्या न्हाईत. मला घेऊन रेल्वेच्या फाटकापतोर जायच्या, सुमी माझ्या खांद्यावर. वाटंत मी त्यांना सारखं इचारायची, आक्का, ही आज जास्त झोपली का? हिचं अंग गरम हाय का? हात लावून बघा की. त्या दर बारीला हात लावायच्या. कधी म्हनल्या न्हाईत की आत्ताच तर बघितलं. फाटकाजवळ उभं ऱ्हाऊन म्हनायच्या, "तुजं भ्या पन फराळासारखं हाय गो. थोडं पायजे, पोर सांभाळायला लागतं. पन ताटभर खाऊ नको."

मला ते जमलं न्हाई. अजून जमत न्हाई.

पाडव्याला आक्का दर साली देहूला जायच्या, चालत, पहाटे निघून सांजच्याला परत. म्हनायच्या, "ताटांपासनं पळायला देहू बरं, देव भेटतो आन पाय पन मोकळे होतात." त्या दिवशी त्या गेल्या, आमचे हे पहिल्या पाळीला गेले, आन मी चुलीपुढं. सुमीला आत्याबाईंनी नवं झबलं घालून, काजळाची तीट लावून दाराशी घेतलं व्हतं. बाया ताटं घेऊन यायच्या, मला आतनं नुसते आवाज ऐकू यायचे. अगं बाई, किती गोड! पहिली दिवाळी का? तोंड गोड केलं का कुनी? मग मुका, मग हसनं. पोराच्या पहिल्या सणाला जो यील त्यानं त्याचं तोंड गोड करायचं, ही रीत आमच्या चाळीतली, त्यात कुनाचं वाईट मन न्हाई. मी आतनं एकदा वरडले, काय देऊ नका हां तिला. तर बाहेरनं कुनीतरी म्हनलं, "न्हाई गं, एवढंस्सं."

दिवस मावळता मावळता आक्का आल्या, धुळीनं पाय भरलेले, सुमी तवा पाळण्यात झोपली व्हती. त्यांनी वाकून बघितलं, पाळण्याला प्रसादाचं फूल लावलं आन गेल्या.

सकाळच्याला भाऊबीज. सुमीला हगवण लागली. एकदा झालं, मी फडकं बदललं, परत झालं, परत बदललं, मग मोजायचं सुचलंच न्हाई. अंगावरचं दूध वकायला लागली. उन्हं अंगणात आली तवर तिचे डोळे आत गेले, रडायची तर आवाज मांजराच्या पिलावानी, आन डोळ्यात टिपूस न्हाई. टाळूवर हात ठेवला तर बोट आत जाईल असा खड्डा. मी तसा खड्डा आधी बघितला व्हता, माझ्या आधीच्याला. मी काय बोलले, काय केलं मला आठवत न्हाई, सगळे म्हनतात मी वरडत व्हते.

आत्याबाई म्हनल्या टाळू पडलीय, आन तेल आनून भरायला लागल्या. मग म्हनल्या दिष्ट लागलीय, मीठमिरच्या आना. आन म्हनल्या, पानी द्यायचं न्हाई, पानी दिलं की खालनं वाढतं. मी वाटीत पानी घेतलं व्हतं ते त्यांनी काढून घेतलं. बाया दाराशी जमल्या. सगळ्या एकच बोलायल्या, "म्या काय न्हाई दिलं बाई." "मी तर नुसतं बघितलं." "मी हातबी लावला न्हाई." सखूबाई तर म्हनली, "माज्या डोळ्यात दिष्ट न्हाई की ओ, शपत." कोन काय म्हनलं मला कळत नव्हतं, मी आपली एकेकीच्या तोंडाकडं बघायची, की ह्यांनी न्हाई दिलं तर मग हे काय हाय? करणी हाय? आत्याबाई म्हनल्या, देवऋषी बघाया पायजे. एवढ्यात आक्का गर्दीतनं आत आल्या.

त्यांनी सुमीकडं बघितलं. मग त्या बायांकडं तोंड करून म्हनल्या,

"मी दिलं. तांदळाच्या खिरीचं बोट चाटवलं मी हिला."

मला त्या वेळी आक्कांचा असा राग आला की काय सांगू. सगळ्या जगाला पुरे म्हननारी, आन माझ्या पोरीच्या तोंडात बोट! मला वाटलं काल पाळण्यावर वाकल्या तवाच असंल.

आक्का म्हनल्या, "आता तुमी सांगा. ही दिष्ट नाय, हे पोट हाय. डाक्टर इचारंल काय खाल्लं, तर हिच्या आईनं काय सांगायचं?"

आधी सखूबाई रडायला लागली. म्हनली बासुंदीचं बोट, एकदाच. मग पलीकडची म्हनली लाडूचा चुरा, पन एवढंस्सं. मग एक म्हनली मध. एक म्हनली साखरेत भिजवलेली शेव. परत्येकीचं एवढंस्सं, आन परत्येकीला वाटलेलं की आपलं एकटीचंच. आत्याबाई काय बोलल्या न्हाईत, त्या तेलाची वाटी घेऊन कोपऱ्यात बसल्या व्हत्या.

मग आक्कांनी स्टो पेटवून पानी उकळलं, परातीत ठेवून गार केलं. आत्याबाई उठल्या, "पानी द्यायचं न्हाई म्हनलं ना!" आक्का म्हनल्या, "बाय, मला पन ठावं नाय. मी काय वैद नाय. पन तहानलेल्या पोराला पानी नको म्हणायला माजा हात होत नाय." आन चमच्यानं थेंब थेंब सुमीच्या व्हटावर सोडायला लागल्या. पहिलं वकली. त्या थांबल्या, परत सोडलं. मिश्री सोडली तर जगात एकाच गोष्टीला आक्का पुरे म्हनल्या न्हाईत, त्या चमच्याला.

आमचे हे पाळी सुटल्यावर आले तसेच सायकल टाकून टांगा आनायला धावले. चिंचवडात डाक्टरच्या घरी सणाची रांगोळी, पाट मांडलेले, त्याच्या बहिणी आलेल्या, तसाच तो उठून बाहेर आला. बघितलं, टाळू बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली. म्हनला, काय काय खाल्लंय? मी एका दमात सगळं सांगितलं, बासुंदी, लाडू, मध, शेव, खीर. तो म्हनला, पानी बंद केलं व्हतं का? मी म्हनले व्हय, मग दिलं. तो म्हनला, दिलं ते बरं केलं, आता थांबवू नका, उकळलेलंच द्या, पातळ पेज द्या, अंगावर पाजा. बाटलीत औषध दिलं, चिठ्ठ्या लावून. आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या व्हत्या, त्यांनी सगळं ऐकलं आन पदर तोंडाला लावला.

दोन दिस तसेच गेले. आक्का पेजेचं वरचं पानी काढून आनायच्या, मी पाजायची, त्या मला पाजायच्या. बोलनं आमचं फार न्हाई झालं, माझ्या मनात ते खिरीचं बोट व्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सुमी माझ्या मांडीवर मुतली. माझं लुगडं भिजलं आन मी हसायला लागले, वरडून सांगितलं सगळ्या चाळीला, मुतली मुतली म्हनून. आन मी एवढी हसलेली बघून ती भ्याली आन रडली, आन ह्या बारीला तिच्या डोळ्यातनं पानी आलं. गालावरनं घरंगळलं. आक्कांनी ते बोटानं टिपलं न्हाई, तसंच ऱ्हाऊ दिलं.

संक्रांतीला आत्याबाई परत आल्या, बोरन्हाण करायचं ठरलं, आन माझं भ्या परत वर आलं. बोरं, हलवा, उसाचे करवे, परत त्याच बाया, तेच हात. नको म्हनावं तर चाळीत ऱ्हायचं कसं? आक्का म्हनल्या, "बोलाव सगळ्यांना." आन सुमीला मांडीवर घेऊन त्याच उंबऱ्याशी बसल्या, पुढ्यात आपली ती पोचा आलेली वाटी. जी बाई यील तिला म्हनायच्या, "बाळाच्या नावानं वाटीत घाल गो. बाळाला पोचलं." कुनाचा मान गेला न्हाई. सखूबाईनं तिळगुळाचा तुकडा घातला, हात जोडले, सुमीचा पापा घेतला. सगळ्या झाल्यावर वाटीवर शीग लागली व्हती, दोन बोरं खाली घरंगळली. आक्कांनी ती वाटी सगळ्यांना दाखवली, आन तिच्या शेजारी सुमीची मूठ धरली, मिटलेली, बोरापेक्षा जरा मोठी.

"बघा गो. हे पोट, आन हे तुमचं एवढंस्सं."

मग सखूबाई म्हनली, "आक्का, ह्यात तुमच्या खिरीचं बोट कुठंय?" सगळ्या हसल्या. आक्काबी हसल्या. आत्याबाई तेवढ्या हसल्या न्हाईत. वाटी मोठ्या पोरांनी घटकेत फस्त केली.

त्याच उन्हाळ्यात आक्कांच्या लेकाला तिकडं रत्नागिरीलाच काम लागलं आन त्यांनी खोली सोडली. मी रडत रडत म्हनले, आक्का, ती वाटी तरी मला द्या, मला धीर यील. त्या म्हनल्या, "आन मग मी कशात जेवू? वाटी कसली बी घे गो, बारकी घे म्हंजे झालं. आन बोलायला शीक. वाटी काय बोलत नाय, बोलावं आपल्याला लागतं." टांग्यात बसल्यावर परत खाली उतरल्या, सुमीच्या अंगाला हात लावला, मी इचारलं नव्हतं तरी. म्हनल्या, "गरम नाय."

ह्या साली गणपती झाल्यावर त्यांचा लेक कारखान्यात जुन्या लोकांना भेटायला आला, तो आमच्याकडंबी आला. डोकं भादरलेलं. मी दारातच वळखलं. म्हनला, आई गणपतीत गेली, दुखनं न्हाई, काय न्हाई. चतुर्थीला एक मोदक खाल्ला आन दुसरा मागितला. आमी एकमेकांकडं बघायला लागलो, जन्मात तिनं दुसरा मागितला नव्हता. दिला. तो खाऊन म्हनली आता झालं, आन उन्हात जाऊन बसली. मी त्याला पेज केली. त्याच्या पुढं काय वाढावं मला दुसरं सुचलं न्हाई.

आन आता ही दिवाळी. सुमी पळतीय अंगणात, तिचं काय न्हाई, पन धाकटा हाय, नुसती मान धरतोय. त्याची पहिलीच दिवाळी. पंधरा दिस मला झोप न्हाई. आक्का न्हाईत, पत्र्यापलीकडं दुसरं बिऱ्हाड हाय, कोन खोकलं तर मी दचकते. आत्याबाई आल्या. तळणाच्या दिवशी मी पेज करून प्याले, त्यांनी पाठ फिरवली, एवढं झालं. पन पाडव्याची सकाळ आली, मी धाकट्याला घेऊन उंबऱ्यात बसले, पुढ्यात आमची जर्मनची वाटी ठेवली, आन माझ्या घशातनं आवाजच निघंना. सखूबाई आली. तिच्या बोटावर बासुंदी व्हती. ती इसरली असंल, तिचा काय दोष, सणाचा हात तसाच पुढं येतो. बोट धाकट्याच्या व्हटाजवळ आलं. मी नुसती तिच्या मनगटाकडं बघतीय.

"सखू, हितं घाल." मागनं आवाज आला. आत्याबाई. त्या माझ्या शेजारी फतकल मारून बसल्या, वाटी उचलून हातात धरली.

"आवो आत्याबाई, एवढंस्सं—"

"ठावं हाय किती एवढंस्सं. वाटीत."

सखूबाईनं बोट वाटीला पुसलं. मग दिवसभर आत्याबाई तितंच बसल्या. कुनी आलं की वाटी पुढं. त्यांच्या त्या आवाजापुढं कोन काय बोलतंय?

ऊन कललं, बाया सरल्या, तवा त्या वाटीकडं बघत म्हनल्या, "त्या साली दुधात अनारसा कालवून म्या घातला व्हता सुमीला. वाटीभर. पहिली नात, म्हनलं खाऊ दे." मी धाकट्याला जवळ वढलं. त्या म्हनल्या, "भाऊबीजंला बोलाया तोंड उघडंना. आक्कानं आधी म्हनलं म्हनून बाकीच्या बोलल्या, म्या तवाबी न्हाई."

मी म्हनले, "पन आक्कांनी खीर—"

"कसली खीर? ती देहूला व्हती दिसभर. सांजच्याला आली तर पोरगी झोपलेली. म्या इचारलं तिला मागनं, संक्रांतीला, की तू का खोटं बोललीस. म्हनली, कुनीतरी पहिलं बोलल्याबिगर दुसरं बोलत नाय. आन म्हनली, तुमचं मला काय सांगू नका बाय, पोर बरं झालं, पुरे."

कितीतरी दिस मी त्या खिरीच्या बोटाचा राग धरला व्हता, टांगा हलला तवाबी मनात जरासा व्हताच. आता तो कुठं ठेवू?

मग दिवा लावला, पानं घेतली. धाकटा माझ्या मांडीवर झोपलेला, डावा हात मी त्याच्या टाळूवर ठेवला व्हता, सवयच ती. टाळू हाताखाली हलकी उडत व्हती, भरलेली, खड्डा न्हाई. परत बघितली, न्हाई. आत्याबाईंचं ताट पुढं वढलं आन उजव्या हातानं पळी भातात घातली, अजून उचललीबी नव्हती.

आत्याबाईंनी हात आडवा धरला. "पुरे."